सेकंडहँड सेडान घेताय? ‘कोणतं मॉडेल’च्या आधी ‘कुठे उभी होती’ ते विचारा

पाच-साडेपाच लाख रुपये हातात आहेत. शोरूममध्ये गेलात तर एवढ्या पैशांत एखादी छोटी हॅचबॅक मिळते. पण त्याच पैशांत घोडबंदर रोडवर किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर एखाद्या डीलरच्या मोकळ्या प्लॉटवर आठ-नऊ वर्षांची होंडा सिटी उभी दिसते. शेजारी सियाझ, व्हर्ना, रॅपिड. धुवून-पुसून चकाचक, टायरला काळं पॉलिश, काचेवर ‘फर्स्ट ओनर’ची पाटी. घरचे चौघं, गावाला जाताना चार बॅगा आणि सोसायटीत गाडी लावल्यावर वळून बघणारे शेजारी, सगळंच त्या एका गाडीत बसतं.

मग ऑफिसात, ट्रेनमध्ये, भावोजींना, ओळखीच्या मेकॅनिकला एकच प्रश्न विचारला जातो. सिटी घेऊ की सियाझ? रिलायबल कोणती?

उत्तरं लगेच मिळतात आणि बऱ्याचदा बरोबरही असतात. अडचण एवढीच की ती सगळी मॉडेलबद्दल असतात आणि तुम्ही विकत घेणार असता एक ठरावीक गाडी. वर्ष तेच, रंग तोच, इंजिन तेच. पण एक ठाण्यात पहिल्या मजल्यावरच्या पोडियम पार्किंगमध्ये वाढलेली आणि दुसरी वालधुनीच्या काठावरच्या स्टिल्टमध्ये पाण्यात उभी राहिलेली असेल, तर कागदावर सारख्या असूनही त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

आधी किमतीचा गोंधळ मिटवू

डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी कौन्सिलची ५५वी बैठक झाली आणि जुन्या गाड्यांवरचा कर सरसकट १८ टक्के करायचं ठरलं. त्यानंतर मीम्सचा पूर आला. ‘१२ लाखांची गाडी ९ लाखांना विकली तर वरच्या ३ लाखांवरही कर भरा!’ हे अर्धवट कानावर आलेलं अजूनही अनेकांच्या डोक्यात आहे. प्रत्यक्षात तसं नाही. हा कर जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला लागतो आणि तोही फक्त त्याच्या मार्जिनवर. डीलरने गाडी साडेचार लाखांना उचलली आणि तुम्हाला पाच लाखांना विकली, तर कर मधल्या ५० हजारांवर, म्हणजे ९ हजार. डोंबिवलीतल्या एखाद्या काकांनी त्यांची घरची गाडी थेट तुम्हाला विकली तर जीएसटीचा संबंधच नाही. शिवाय १५०० सीसीच्या आसपासच्या पेट्रोल सिटीसारख्या लांब गाड्यांच्या मार्जिनवर १८ टक्के कर आधीपासूनच होता. त्यामुळे ‘जीएसटी वाढला, म्हणून एवढे जास्त’ असं कुणी म्हणालं तर हिशेब मांडून दाखवायला सांगा.

उलट दुसरी एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या गाड्यांवरचा कर कमी झाला. चार मीटरच्या आतल्या डिझायर, अमेझसारख्या छोट्या सेडानवर २८ टक्के अधिक सेस होता, तो १८ टक्क्यांवर आला. चार मीटरपेक्षा लांब, दीड लिटरपर्यंतच्या सेडानवर सेस धरून ४५ टक्के होता, तो ४० झाला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव खाली यायला हवा. डीलर मात्र बोलताना जुन्या ऑन-रोड किमतीचाच आधार घेतो. जायच्या आधी नव्या गाडीची आजची किंमत मोबाइलवर काढून ठेवा.

मॉडेलचं नाव किती कामाचं?

कामाचं आहे, पण लोक समजतात त्या कारणासाठी नाही. मॉडेल माहीत असलं की कुठे बोट ठेवायचं ते कळतं.

होंडा सिटीचं उदाहरण घ्या. चौथ्या पिढीची सिटी जानेवारी २०१४ मध्ये आली आणि सेकंडहँड बाजारात आजही तिला मागणी आहे. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने फ्युएल पंप बदलण्यासाठी भारतात ९० हजारांहून जास्त जुन्या गाड्या परत बोलावल्या. त्याआधी टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे जगभर जे रिकॉल झाले, त्यात भारतातल्या जुन्या सिटी, जॅझ, सिविकही होत्या. मारुतीने डिसेंबर २०१९ मध्ये सियाझ, अर्टिगा आणि एक्सएल६ मिळून ६३,४९३ पेट्रोल स्मार्ट हायब्रिड गाड्या मोटर जनरेटर युनिट तपासायला बोलावल्या होत्या. रिकॉल झाला म्हणजे गाडी वाईट, असा अर्थ नाही. कंपनी तो भाग फुकट बदलून देते. प्रश्न एवढाच की तुमच्या समोर उभ्या असलेल्या गाडीचं ते काम झालंय का. चॅसी नंबर घ्या आणि कंपनीच्या वेबसाइटवर किंवा सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. विकणारा चॅसी नंबर द्यायला खळखळ करत असेल, तर तिथेच एक उत्तर मिळालं.

फोक्सवॅगन व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड या आपल्या चाकणला बनलेल्या गाड्या. दार बंद केल्यावर जो ‘धप्’ आवाज येतो त्यावर लोक भाळतात आणि त्यात गैर काही नाही. मॅन्युअल गिअरची असेल तर भीतीचं फारसं कारण नाही. पण सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक असेल तर दोनदा विचार करा. या गिअरबॉक्समध्ये ड्राय क्लच असतात, ते तेलात बुडालेले नसतात. गाडी मुंगीच्या वेगाने सरकत राहिली की ते तापतात आणि झिजतात. डीएसजीच्या तक्रारींमुळे २०१३ मध्ये फोक्सवॅगनला चीनमध्ये जवळपास ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. आता शिळफाट्याचं संध्याकाळी सातचं ट्रॅफिक आठवा. त्या ट्रॅफिकमध्ये सात वर्षं सरकलेला क्लच तुम्ही विकत घेताय.

म्हणूनच टेस्ट ड्राइव्हला रिकामा रस्ता नको. डीलर सकाळी अकराला बोलावतो आणि मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारून आणतो. तुम्ही संध्याकाळची वेळ मागा. कापूरबावडी जंक्शनला किंवा मानपाड्याच्या सिग्नलला एसी चालू ठेवून वीस-पंचवीस मिनिटं अडका. गिअर पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना धक्का बसतो का, एसीची हवा गरम होते का, इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकतो का, हे इथेच कळतं. आणि पहिल्यांदा गाडी चालू करताना बॉनेटवर हात ठेवून बघा. इंजिन आधीच कोमट असेल, तर सकाळचा नखरा तुम्हाला दिसू नये म्हणून कुणीतरी ते चालू करून ठेवलेलं असू शकतं.

कंपनी गेली की काय होतं, हे डोंबिवलीला माहीत आहे

सर्वात देखण्या आणि सर्वात स्वस्त मिळणाऱ्या सेडान बऱ्याचदा अशा कंपन्यांच्या असतात ज्या आता भारतात गाड्या विकत नाहीत. शेव्हरोले क्रूझ ही त्यातली राणी. जनरल मोटर्सने २०१७ संपताना भारतातली विक्री थांबवली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुण्याजवळ रांजणगावला बनणारी फियाट लिनियाही गेली. होंडा सिविक मार्च २०१९ मध्ये मोठ्या थाटात परत आली आणि २०२० च्या डिसेंबरात तिचं उत्पादन थांबलं. सिविकच्या बाबतीत निदान कंपनी आणि तिची सर्व्हिस सेंटर जागेवर आहेत.

हा धडा या भागाला नवा नाही. कल्याण-शीळ रस्त्यावर डोंबिवलीजवळ प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. नव्वदच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीबरोबर भागीदारी करून प्रीमियरने तिथे ‘प्यूजो ३०९’ बनवायला घेतली. काटेकोर बोलायचं तर ती सेडान नव्हे, मागे उघडणारं पाचवं दार असलेली गाडी. पण पद्मिनी आणि ॲम्बेसेडरच्या रस्त्यावर ती परदेशी पाहुणी वाटायची. कामगारांशी वाद झाले, भागीदारीत कुरबुरी झाल्या आणि काही वर्षांतच प्यूजो निघून गेली. गाड्या मात्र राहिल्या, त्यांना लागणारे पार्ट शोधत फिरणारे मालकही राहिले. आज त्या पट्ट्यात उंच टॉवर आहेत.

म्हणजे क्रूझ घेऊच नये का? घ्या, पण उलट्या क्रमाने. आधी तुमच्या घराजवळचा मेकॅनिक गाठा आणि त्याला विचारा, या गाडीचा क्लच सेट, सस्पेन्शन आर्म आणि हेडलाइट किती दिवसांत आणि कितीला मिळतो? त्याचं उत्तर ‘बघू, कुर्ल्याला मिळेल’ असं आलं, तर प्रत्येक बिघाडाला गाडी किती दिवस उभी राहील याचा अंदाज आला. घरात ती एकच गाडी असेल तर हा सौदा स्वस्त राहत नाही.

खरा प्रश्न पाण्याचा

आता या पट्ट्यातला मुख्य मुद्दा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उल्हास नदीने तेव्हा बदलापूर-कल्याण पट्ट्यात जे केलं ते इथल्या जुन्या लोकांना वेगळं सांगायला नको. बरोबर १४ वर्षांनी, २०१९ च्या २६-२७ जुलैला, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. ऑगस्ट २०२५ च्या मध्यातही मुंबई-ठाणे पाण्यात होतं. या बातम्या बघताना आपण ट्रेन आणि माणसं बघतो. त्याच रात्री किती स्टिल्ट पार्किंगमध्ये किती गाड्या दारापर्यंत पाण्यात होत्या, ते बातमीत येत नाही. त्या गाड्या पुढे कुठे जातात? दुरुस्त होतात आणि त्यातल्या काही विकायला येतात.

सेडानला हा धोका जास्त, कारण ती जमिनीला टेकून चालते. एसयूव्ही निघून जाते तिथे सेडानच्या हवा ओढायच्या नळीत पाणी शिरू शकतं. इंजिन हवा दाबू शकतं, पाणी दाबू शकत नाही. पाणी आत असताना इंजिन फिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत अशा नुकसानीचा दावा बहुतेक वेळा नाकारला जातो, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. ते नसलेला मालक काय करेल? गॅरेजला जमेल तेवढं करून घेईल आणि गाडी काढून टाकेल.

मोठं नुकसान झालेल्या गाडीचा प्रवास वेगळा. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीवर लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपेक्षा जास्त गेला की विमा कंपनी ती ‘टोटल लॉस’ धरते. मालकाला पैसे मिळतात आणि गाडी लिलावात जाते. खरं तर कायमची निकामी झालेल्या गाडीची नोंदणी रद्द व्हायला हवी. ती झाली नाही तर कुणीतरी स्वस्तात उचललेली गाडी वर्षभराने पॉलिश होऊन प्लॉटवर उभी राहू शकते.

पाण्यातली गाडी ओळखता येते. सीट बेल्ट अगदी टोकापर्यंत बाहेर ओढा, रोज न दिसणाऱ्या शेवटच्या फूटभर पट्ट्यावर चिखलाची रेघ किंवा बुरशीचे डाग राहतात. पॉलिश करणारा सहसा तिथे पोचत नाही. डिकीतलं स्टेपनी टायर उचला आणि खालच्या खोलगट जागेत बोट फिरवा. पुढच्या सीटखालचे रेल आणि बोल्ट टॉर्च मारून बघा. डॅशबोर्ड नवा आणि सीटखालचे बोल्ट गंजलेले, ही जोडी चांगली नाही. पायाखालचं कार्पेट कोपऱ्यातून उचलून खालचा फोम दाबा. आणि गाडीत फार छान वास येत असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं बसून राहा. एअर फ्रेशनरखालचा ओलसर वास हळूहळू वर येतो.

पाण्यात गेलेली गाडी लगेच त्रास देत नाही, हीच तिची फसवणूक. वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज चढायला महिने लागतात. मग एके दिवशी पॉवर विंडो थांबते, एअरबॅगचा दिवा लागतो, पावसात गाडी चालूच होत नाही आणि प्रत्येक मेकॅनिक वेगळं कारण सांगतो.

म्हणून मालकाला थेट विचारा की गाडी रात्री कुठे लावायचात. आरसीवरचा पत्ता बघा. ठाण्यात वंदना टॉकीजचा परिसर, कल्याणला खाडी आणि वालधुनीकडचा भाग, बदलापूरचा नदीकाठ, दिव्याचा सखल भाग असेल तर जास्त खोलात जा. जमलं तर त्या सोसायटीच्या वॉचमनशी दोन मिनिटं बोला. तो काही विकत नसतो. विम्याच्या क्लेमची माहितीही मागा. मालकाला स्वतःच्या विमा कंपनीकडून ती सहज मिळते, त्यामुळे ‘माहीत नाही’ हे उत्तर धरू नका.

कमी किलोमीटर खरे असू शकतात

सात वर्षांची गाडी आणि २८ हजार किलोमीटर? दुसऱ्या शहरात लोक हसतील, मीटर मागे फिरवलाय म्हणतील. डोंबिवलीत हे अगदी शक्य आहे. मालक सोमवार ते शनिवार लोकलने जातो. गाडी निघते ती रविवारी, लग्नाला आणि गणपतीत कोकणात. त्यामुळे आकडा बघून लगेच खोटं म्हणू नका आणि खूशही होऊ नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत दरवर्षीचा आकडा असतो, तो ताडून बघा.

रविवारच्या गाडीची दुखणी वेगळी असतात. टायरचे कट खोल दिसतात, पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. बॅटरी मरते, ब्रेक डिस्कवर गंज चढतो. आणि स्टिल्टमधले उंदीर! बॉनेटखाली वायरवर काळी टेप जागोजागी गुंडाळलेली दिसली तर ती बहुतेक त्यांचीच कृपा. कोकणच्या फेऱ्यांचा हिशेब सस्पेन्शनमध्ये सापडतो, गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय तो दिसत नाही.

तुम्हीही रविवारीच चालवणार असाल तर २०२० नंतरची बीएस६ डिझेल टाळलेली बरी. तिच्या धुराच्या नळीतला फिल्टर साफ व्हायला लांब, सलग धाव लागते. स्टेशन-भाजी मार्केट फेऱ्यांत तो तुंबतो. जुन्या डिझेलचं भवितव्यही धूसर आहे. मुंबई महानगरात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हा प्रश्न जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उपस्थित केला आणि राज्य सरकारने त्यासाठी समिती नेमली. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचं धोरण आल्यापासून तिथल्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जातात. तशी गाडी इथे आली तर मूळ आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. तो धरून किंमत करा.

पैसे दिले, गाडी आली, नाव?

इथे सर्वात जास्त ढिलाई होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करण्यासाठी अर्ज करायचा असतो. फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. गाडी एमएच ०४ ची असो की एमएच ०५ ची, राज्यातल्या राज्यात नंबर तोच राहतो. म्हणूनही लोक निवांत असतात.

फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हात बदलली होती आणि नाव मात्र पहिल्याचंच होतं. हा निकाल विकणाऱ्याची झोप उडवणारा आहेच, पण घेणाराही सुटत नाही. विमा जुन्या नावावर असेल तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. आणि ‘५० टक्के नो क्लेम बोनस आहे’ या वाक्याला काही किंमत देऊ नका. तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो.

डीलरकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून त्याला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. ते दाखवायला सांगा. एम-परिवहनवर मालक क्रमांक, कर्जाचा बोजा, विमा, पीयूसी बघा आणि ई-चलानही तपासा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी पाटी बसलेली आहे ना, तेही बघा. ती नसेल तर आरटीओत नाव बदलण्याचं काम अडतं.

टोकन देताना पावतीवर एक ओळ लिहून घ्या: नाव ट्रान्सफर न झाल्यास रक्कम परत. आणि ताबा घेताना तारखेबरोबर वेळही लिहा, दोघांच्या सह्यांसह. दुपारी चारला गाडी तुमची झाली तर तीनचं चलान तुमचं नाही.

शेवटची एक बारीक गोष्ट, काचेवरचा फास्टॅग. तो जुन्या मालकाच्या नावावर असतो. ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोली, मुलुंडसह मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर छोट्या गाड्यांना टोल माफ आहे, त्यामुळे ठाणेकराच्या हे महिनोन्‌महिने लक्षातच येत नाही. मग एखाद्या शनिवारी पुण्याला निघताना एक्स्प्रेसवेवर टॅग ब्लॅकलिस्ट निघतो आणि मागून हॉर्न सुरू होतात. ताबा घेतानाच जुन्या मालकाला तो बंद करायला लावा आणि तिथेच काचेवरून खरवडून काढा.